आडनाव आणि पडदा : रितेश देशमुख यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

घराणे ही आपल्या समाजातील फार जुनी संस्था आहे. गायकाच्या घरी गायक, वैद्याच्या घरी वैद्य आणि पाटलाच्या घरी पाटील निपजावा, ही आपली पूर्वापार अपेक्षा. लोकशाही आल्यावर ही अपेक्षा मावळेल असे अनेकांना वाटले होते. परंतु तसे घडले नाही. आमदाराचा मुलगा आमदार झाला तर आज कोणी चकित होत नाही. उलट तो झाला नाही, तरच लोक चौकशी करतात.

प्रस्तुत लेखात अशाच एका व्यक्तीचा विचार करावयाचा आहे. तिच्या घरी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद दोनदा आले, थोरले व धाकटे असे दोन्ही बंधू आमदार झाले. पण ती स्वतः मात्र विधानभवनाकडे न जाता पडद्याकडे गेली. ही व्यक्ती म्हणजे अभिनेते, निर्माते, दिग्दर्शक व दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक रितेश देशमुख.

हा विषय महाविद्यालयीन वाचकांपुढे का ठेवावा, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, आपल्या जोयडा तालुक्यातील पुष्कळ घरांत घरची बोली एक, शाळा-कचेरीची भाषा दुसरी आणि छोट्या पडद्यावरील भाषा कधी ही, कधी ती, असा प्रकार आहे. ‘बिग बॉस’ हा एकच खेळ कन्नडमध्ये सुदीप यांच्या मुखाने आणि मराठीत रितेश देशमुख यांच्या मुखाने ऐकणारे प्रेक्षक आपल्याकडे आहेत. जे आपण पाहतो, त्याच्या मागे काय आहे, हे तपासणे अभ्यासकाचे काम होय. राजकीय घराण्यातील माणूस लोकप्रिय कलावंत होतो, तेव्हा घराणे त्याला नेमके काय देते आणि काय देऊ शकत नाही, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

१. बाभळगावचा वाडा

रितेश देशमुख यांचा जन्म १७ डिसेंबर १९७८ रोजी लातूर येथे झाला. त्यांचे वडील विलासराव देशमुख (१९४५–२०१२) हे लातूरजवळील बाभळगावचे. गावच्या सरपंचपदापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९८० मध्ये ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. पुढे राज्यात मंत्री, ऑक्टोबर १९९९ ते जानेवारी २००३ आणि नोव्हेंबर २००४ ते डिसेंबर २००८ असे दोन वेळा मुख्यमंत्री व त्यानंतर केंद्रात मंत्री, असा त्यांचा चढता क्रम होता. मात्र या चढाला एक उतारही होता. १९९५ च्या निवडणुकीत त्याच लातूरच्या मतदारांनी विलासरावांचा पराभव केला. त्या वेळी रितेश सोळा वर्षांचे होते. राजकीय घरातील मुलाला सत्ता दिसते, तशीच ती एका दिवसात कशी जाते हेही दिसते. हा दुसरा धडा पहिल्यापेक्षा अधिक उपयोगी असावा.

तीन भावांपैकी थोरले अमित आणि धाकटे धीरज यांनी वडिलांची वाट धरली. अमित देशमुख २००९ पासून लातूर शहराचे आमदार झाले, आणि २०१९ नंतरच्या मंत्रिमंडळात वैद्यकीय शिक्षणाबरोबर सांस्कृतिक कार्य हे खातेही त्यांच्याकडे आले. मधल्या रितेश यांनी मुंबईच्या कमला रहेजा संस्थेत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले व त्या व्यवसायाची स्वतःची संस्थाही काढली. म्हणजे वडिलांचे पद आणि चित्रपट यांच्या मध्ये त्यांच्या हाती एक तिसरे, स्वतंत्र कौशल्य होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२. पदार्पण : एक महिना, दोन घटना

‘तुझे मेरी कसम’ हा त्यांचा पहिला हिंदी चित्रपट ३ जानेवारी २००३ रोजी प्रदर्शित झाला. निर्माते होते हैदराबादचे रामोजी राव, आणि नायिका जेनेलिया डिसूझा, ज्यांच्याशी रितेश यांचा २०१२ मध्ये विवाह झाला. मुख्यमंत्र्यांचा मुलगा नायक होतो म्हटल्यावर टीका व्हावयाची ती झालीच. ज्या पोराला कोणी ओळखत नाही त्याला निर्मात्याच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहावे लागते, आणि येथे दार आधीच उघडे, हा आक्षेप खोटा नव्हता. आडनावाने दार उघडते, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

पण त्याच महिन्यातील दुसरी घटना पाहा. चित्रपट लागून पंधरवडा होतो न होतो तोच विलासरावांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले व १८ जानेवारी २००३ रोजी सुशीलकुमार शिंदे यांनी पदाची शपथ घेतली. ज्या नावाच्या बळावर मुलगा आला असे लोक म्हणत होते, त्या नावामागचे पद तो उभा राहताच गेले. त्यानंतरही चित्रपट मिळत राहिले, याचे श्रेय मग केवळ पदाला देता येत नाही.

तथापि मिळाले ते काय, हेही प्रामाणिकपणे पाहावे. ‘मस्ती’ (२००४), ‘हे बेबी’ आणि ‘धमाल’ (दोन्ही २००७), ‘हाउसफुल’ (२०१०) ही त्या काळातील त्यांची गाजलेली नावे. यांपैकी बहुतेक चित्रपट अनेक नायकांचे, हास्यप्रधान; काही थिल्लर म्हणूनही टीकेस पात्र ठरलेले. रितेश त्यांत तिघांतील वा चौघांतील एक असत. म्हणजे आडनावाने प्रवेश मिळाला, पण मधली खुर्ची मिळाली नाही. मधली खुर्ची प्रेक्षक देतो, आणि प्रेक्षकाने ती लगेच दिली नाही. मात्र या दुय्यम जागेवर त्यांनी एक कसब कमावले : दुसऱ्याच्या विनोदाला जागा देणे, वेळेवर बोलणे आणि वेळेवर गप्प राहणे. सूत्रसंचालकाचे भांडवल याहून वेगळे काय असते?

३. ताज हॉटेल, २००८ : नावाचे ओझे

घराण्याचे नाव हे केवळ देणे नसून घेणेही आहे, याचा पुरावा २००८ च्या अखेरीस मिळाला. २६ नोव्हेंबर रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. तीन दिवस शहर वेठीस धरले गेले आणि १६६ जण प्राणास मुकले. हल्ला संपल्यावर थोड्याच दिवसांत मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करावयास गेले, तेव्हा त्यांच्यासमवेत पुत्र रितेश आणि चित्रपट दिग्दर्शक राम गोपाल वर्मा हेही असल्याचे दूरचित्रवाणीवर देशाने पाहिले. भेटीचा चित्रपटाशी संबंध नाही असा खुलासा विलासरावांनी केला. पण लोकांचा क्षोभ शमला नाही. राखेतून अजून धूर निघत असता तेथे दिग्दर्शक कशासाठी, हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. मुळात सुरक्षेतील अपयशामुळे सरकारवर रोष होताच. त्यात या दृश्याची भर पडली. विलासरावांना राजीनामा द्यावा लागला आणि ८ डिसेंबर २००८ रोजी अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले.

या प्रसंगाकडे दोषारोपाच्या दृष्टीने न पाहता अभ्यासाच्या दृष्टीने पाहावे. मुलाचा व्यवसाय आणि वडिलांचे पद ही दोन वर्तुळे एरवी वेगळी राहू शकत होती. त्या दिवशी ती एकमेकांवर आली, आणि त्यांना एकत्र आणून दाखविणारे साधन होते तेच, ज्यावर पुढे मुलगा नाव कमावणार होता, म्हणजे दूरचित्रवाणी. कॅमेऱ्याला हेतू दिसत नाही. कोण कोणाशेजारी उभा आहे एवढेच दिसते. सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावे.

विशेष असे की, ‘रण’ (२०१०) या वर्मा यांच्याच पुढील चित्रपटात रितेश यांनी एका प्रामाणिक तरुण पत्रकाराची भूमिका केली. वृत्तवाहिन्या व राजकारण यांचे साटेलोटे हा त्या चित्रपटाचा विषय होता. ताजवरील हल्ल्यावरचा वर्मा यांचा चित्रपट २०१३ मध्ये आला. त्यात रितेश नव्हते.

४. मराठीकडे वळण

१४ ऑगस्ट २०१२ रोजी विलासरावांचे चेन्नई येथे निधन झाले. पुढील दोन वर्षांत रितेश यांच्या कारकिर्दीला जे वळण मिळाले, ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. हिंदीत दहा वर्षे काढल्यावर ते निर्माता म्हणून मराठीत आले. ‘बालक-पालक’ (२०१३) हा रवी जाधव दिग्दर्शित चित्रपट पौगंडावस्थेतील मुलांच्या लैंगिक कुतूहलासारख्या अवघड विषयावर होता. त्याचे सहनिर्माते उत्तुंग ठाकूर हेही वसईच्या राजकीय घराण्यातले, हितेंद्र ठाकूर यांचे पुत्र. त्यानंतरचा ‘यलो’ (२०१४) डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या जीवनावर असून त्यात तिने स्वतःच काम केले. या चित्रपटास राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. हे दोन्ही विषय सुरक्षित धंद्याचे नव्हते. ज्याच्या पाठीशी पैसा आणि नाव आहे त्याने जोखीम घ्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. येथे ती काही अंशी पुरी झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये निशिकांत कामत यांच्या ‘लय भारी’त ते प्रथमच मराठी नायक म्हणून उभे राहिले आणि चित्रपटाने मोठे यश मिळविले. त्याच्या दोनच आठवडे आधी आलेल्या ‘एक व्हिलन’ या हिंदी चित्रपटात त्यांनी एका खुनी माणसाची भूमिका करून आपण केवळ हसविणारे नट नाही, हे दाखविले होते. पुढे ‘फास्टर फेणे’ (२०१७) ची निर्मिती, ‘माऊली’ (२०१८) मधील भूमिका आणि ३० डिसेंबर २०२२ रोजी आलेल्या ‘वेड’चे दिग्दर्शन अशा पायऱ्या ते चढले. ‘वेड’ हा तेलुगू ‘मजिली’चा मराठी अवतार. मूळ कथा आपली नसली तरी तो महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, आणि ‘सैराट’ (२०१६) नंतरच्या मोठ्या यशांत त्याची गणना झाली.

भाषेच्या अंगाने हा भाग आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. ज्यांना मोठ्या भाषेत जागा मिळते ते सहसा घरच्या भाषेकडे परत येत नाहीत. आले तर निवृत्तीनंतर येतात. येथे उलट घडले. मोठ्या बाजारात जी मधली खुर्ची मिळाली नव्हती, ती आपल्या भाषेत मिळाली. घरची भाषा म्हणजे मागे राहण्याची जागा, हा समज सीमेवरील मुलांच्या मनात लवकर रुजतो. त्याला हे एक उत्तर आहे.

५. छोटा पडदा : साहेबांचा मुलगा, लोकांचा भाऊ

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांत एक मूलभूत फरक आहे. चित्रपटात नट पात्राच्या आड असतो. सूत्रसंचालकाला आड नसते. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भाषेत, थेट आपल्या माजघरात येतो. चित्रपटाला आपण तिकीट काढून जातो, दूरचित्रवाणी आपल्याकडे येते. म्हणून येथे माणसाचे घराणे, बोलणे आणि वागणे तिन्ही तपासले जातात.

मराठी दूरचित्रवाणीचा पट थोडक्यात पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. खासगी वाहिन्यांत १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली. ही दुसरी वाहिनी त्याच रामोजी राव यांची, ज्यांनी पुढे रितेश यांचा पहिला चित्रपट काढला. ई टीव्ही कन्नड ही वाहिनीही त्यांचीच. २०१५ मध्ये या दोन्ही वाहिन्या अनुक्रमे कलर्स मराठी व कलर्स कन्नड झाल्या. आपण ज्या दोन ‘बिग बॉस’ची तुलना करतो, त्यांच्या वाहिन्यांचे मूळ असे एकाच घरात सापडते. रामोजी राव ८ जून २०२४ रोजी वारले आणि त्यानंतर पन्नास दिवसांनी त्यांच्या जुन्या वाहिनीवर त्यांचा जुना नायक सूत्रसंचालक म्हणून उभा राहिला.

रितेश यांनी २०१३ मध्ये स्टार प्लसवरील एका नृत्यस्पर्धेत परीक्षकाचे काम केले. २०१६ मध्ये स्टार प्रवाहवर ‘विकता का उत्तर’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम त्यांनी चालविला. स्पर्धकाला उत्तर ठाऊक नसेल तर समोर बसलेल्यांकडून घासाघीस करून ते विकत घ्यावयाचे, अशी त्याची गंमत. तेथे सूत्रसंचालकाला बाजारातील मध्यस्थासारखे दोन्ही बाजूंना बोलते ठेवावे लागे. ती त्यांची मराठी छोट्या पडद्यावरील उमेदवारी म्हणता येईल.

खरी कसोटी लागली ती ‘बिग बॉस मराठी’त. नेदरलँड्समध्ये १९९९ साली जन्मलेल्या एका खेळाचे हे देशी रूप २००६ मध्ये हिंदीत, २०१३ मध्ये कन्नडमध्ये आणि २०१८ मध्ये मराठीत आले. मराठीची पहिली चार पर्वे महेश मांजरेकर यांनी आपल्या परखड ढंगात गाजविली होती. पाचवे पर्व २८ जुलै २०२४ रोजी रितेश यांच्याकडे आले. आठवड्याच्या अखेरीस जेथे स्पर्धकांचा हिशेब होई, त्या भागाचे नाव पूर्वी ‘चावडी’ होते. आता ते ‘भाऊचा धक्का’ झाले. मुंबईच्या प्रसिद्ध बंदराच्या नावावरची ही कोटी असली, तरी तीत एक सामाजिक अर्थ आहे. वडिलांना सारा लातूर जिल्हा ‘साहेब’ म्हणे. साहेब हा शब्द पदाचा, अंतराचा. कामासाठी दारात उभे राहावयाचे ते साहेबांच्या. मुलाला लोक ‘भाऊ’ म्हणू लागले. भाऊ हा शब्द नात्याचा, तो घरातला. राजकारणाने एका पिढीत दिलेली पदवी दूरचित्रवाणीने दुसऱ्या पिढीत नात्यात बदलली. या बदलात त्या माध्यमाचे सारे सामर्थ्य आणि सारा धोकाही आला. सामर्थ्य असे की, दुरावा मिटतो. धोका असा की, भावाला आपण हिशेब विचारत नाही.

पर्वाच्या आरंभीच एका तरुण स्पर्धकाने ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगावकर यांच्याशी उर्मटपणे बोलल्याबद्दल रितेश यांनी आवाज न चढविता, पण स्पष्ट शब्दांत समज दिली. ती लोकांना भावली. घरातल्या मोठ्या भावाने जसे बोलावे तसे ते बोलणे होते. वर्षा उसगावकर आपल्या शेजारच्या गोव्याच्या. त्यांचे वडील अच्युत उसगावकर हे गोव्याच्या मंत्रिमंडळात होते. म्हणजे त्या घरात राजकीय वारसा असलेले आणखी एक माणूस होते, तेही कर्तृत्वाने मोठे. परंतु त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या नाहीत. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, सत्तराव्या दिवशी, विजेता ठरला तो बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला, शाळा अर्धवट सुटलेला आणि मोबाईलवरील छोट्या चित्रफितींमुळे थोडाफार ओळखीचा झालेला हा तरुण. त्याला १४ लाख ६० हजार रुपये मिळाले. मुख्यमंत्र्यांचा मुलगा आणि पाठीशी कोणी नसलेला मुलगा एका मंचावर उभे होते, आणि टाळ्या दोघांनाही होत्या. सूरजच्या दारिद्र्याचाही कार्यक्रमाने उपयोग करून घेतला, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही त्या घरात आडनाव चालले नाही, ही गोष्ट उरतेच.

६. फिलिपाईन्समधील एक तुलना

राजकीय घराण्यातील दूरचित्रवाणी-तारका म्हटले की आशियात पहिले नाव घेतले जाते ते फिलिपाईन्सच्या क्रिस अ‍ॅक्विनो यांचे. त्यांचा जन्म १९७१ चा. वडील बेनिग्नो अ‍ॅक्विनो हे हुकूमशहा मार्कोस यांचे प्रमुख विरोधक. लष्करी कायद्याखाली त्यांना १९७२ पासून तुरुंगात ठेवले होते. १९७८ च्या निवडणुकीत ते कोठडीतून उभे राहिले, तेव्हा सात वर्षांची क्रिस सभांतून वडिलांसाठी बोलली. २१ ऑगस्ट १९८३ रोजी मायदेशी परतताच मनिलाच्या विमानतळावर बेनिग्नो यांची हत्या झाली. १९८६ च्या जनउठावानंतर आई कोराझोन राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि त्या पदावर असतानाच, १९९० मध्ये, क्रिस यांचा पहिला मोठा विनोदी चित्रपट आला. पुढे मुलाखतींचे कार्यक्रम, २००१ पासून प्रश्नमंजूषा आणि २०११ ते २०१६ सकाळचा ‘क्रिस टीव्ही’, असे त्यांचे राज्य पंचवीस वर्षे चालले. २०१० मध्ये बंधू बेनिग्नो तिसरे राष्ट्राध्यक्ष झाले; प्रचारात क्रिस होत्याच.

दोन्ही चरित्रांत साम्य पुष्कळ : पदावर असलेले जन्मदाते, हलक्याफुलक्या चित्रपटाने सुरुवात, प्रश्नमंजूषा, आणि भावांसाठी प्रचार करूनही स्वतः कधी निवडणूक न लढविणे. फरक मात्र अधिक बोलका आहे. क्रिस यांनी आपले खासगी आयुष्यच कार्यक्रमाचा विषय केले. प्रेम, विवाह, भांडणे, पुढे आजारपणही लोकांपुढे मांडले. ज्या घराण्याचे दुःख सबंध राष्ट्राने पाहिले, त्याच्या लेकीला काही झाकून ठेवण्याचे प्रयोजन वाटले नसावे. रितेश यांनी कुटुंब दाखविले ते आनंदापुरते व बेताने. शिवाय क्रिस यांचे नाव हौतात्म्यातून आले, रितेश यांचे पदातून. हौतात्म्याला सहानुभूती मिळते. पदाला मुजरा मिळतो, पण संशयही मिळतो.

आणि तरी शेवट दोन्हीकडे सारखाच विचार करावयास लावणारा आहे. २०२२ मध्ये फिलिपाईन्सच्या मतदारांनी ज्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले, ते मार्कोस यांचेच पुत्र होते. प्रेक्षकांनी अ‍ॅक्विनो घराण्याच्या लेकीवर पंचवीस वर्षे प्रेम केले. पण त्या प्रेमाने त्या घराण्याची राजकीय बाजू राखली गेली नाही.

७. लातूर आणि चन्नपट्टण : २३ नोव्हेंबर २०२४

हाच मुद्दा आपल्या दोन राज्यांत एकाच दिवशी सिद्ध झाला. लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ साली धीरज देशमुख अशा फरकाने निवडून आले होते की, दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हे, तर ‘नोटा’ होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उभे राहिले. ‘बिग बॉस’ संपून महिनाच झाला होता. रितेश लोकप्रियतेच्या शिखरावर होते. भावासाठी त्यांनी केलेले भाषण मोबाईलवरून महाराष्ट्रभर फिरले. २३ नोव्हेंबर रोजी निकाल लागला : थोरले अमित लातूर शहरातून निसटत्या फरकाने निवडून आले, धीरज मात्र भाजपचे रमेश कराड यांच्याकडून काही हजार मतांनी पराभूत झाले. टाळी देणारा आणि मत देणारा माणूस एकच असला, तरी त्याच्या मनातील वह्या दोन असतात.

त्याच दिवशी कर्नाटकात चन्नपट्टण पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि निखिल कुमारस्वामी हरले. देवेगौडांचे नातू, कुमारस्वामींचे पुत्र. ‘जग्वार’ (२०१६) पासून चित्रपटांत नायक. वडील चित्रपटनिर्माते, आणि ‘कस्तुरी’ ही कन्नड वाहिनीही २००७ पासून याच कुटुंबाची. निखिल यांनी उलट वाट धरली : पडद्यावरून मतपेटीकडे. २०१९ मध्ये वडील मुख्यमंत्री असताना मंड्यात ते सुमलता यांच्याकडून हरले, २०२३ मध्ये रामनगरात हरले आणि २०२४ मध्ये चन्नपट्टणात. एक पुरवणी येथे जोडावी लागेल. मंड्यात जिंकलेल्या सुमलता याही अभिनेत्री, व दिवंगत अभिनेते-नेते अंबरीश यांच्या पत्नी. म्हणजे पडदा निवडणुकीत कधीच उपयोगी पडत नाही असे नाही. तेथे नाव विरुद्ध नाव अशीच लढत होती. लोकांनी त्यांतील आपल्याला जवळचे कोणते, हे ठरविले.

८. समारोप

या साऱ्यातून काय निष्पन्न होते? घराणे ओळख देते, विश्वास देत नाही. ओळख वारशाने मिळते. विश्वास प्रत्येक क्षेत्रात नव्याने मिळवावा लागतो, आणि एका क्षेत्रातला दुसऱ्यात सहसा वळता होत नाही. बाप गेल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर मुलांची नावे चढतात. लोकांच्या मनातील जागेचा असा फेरफार करणारा तलाठी अजून जन्मला नाही. रितेश यांना २००३ मध्ये ओळख मिळाली. लोकांचा विश्वास मिळावयास आणखी दहा वर्षे, भाषा बदलण्याचे धाडस आणि दुय्यम भूमिकांतील उमेदवारी लागली. २००८ मध्ये त्याच ओळखीची किंमत घराण्याने मोजली. २०२५ च्या ‘रेड २’मध्ये त्यांनी लोकांचा लाडका, पण आतून भ्रष्ट असा पुढारी रंगविला. ज्यांचे बालपण पुढाऱ्यांच्या वर्दळीत गेले त्यांनी अशी भूमिका करावी आणि प्रेक्षकांनी ती भूमिका म्हणूनच पाहावी, येथे नट आडनावातून सुटला असे म्हणता येईल.

तथापि या निष्कर्षाने निर्धास्त होऊ नये. विश्वास कमवावा लागतो हे खरे; पण तो कमविण्याची संधी, चुकण्याची मुभा आणि दहा वर्षे थांबण्याची ऐपत ही ओळखीबरोबर येते. रितेश यांना ती होती. आपल्यापैकी बहुतेकांना नसते. सूरज चव्हाणसारखा एखादा जिंकतो तेव्हा आपण टाळ्या वाजवितो, पण असे किती सूरज दारापाशी थांबले आहेत, हे मोजत नाही. कलेच्या, शिक्षणाच्या वा सत्तेच्या दाराशी आडनाव न विचारता आत घेणारी व्यवस्था नसेल, तर थोड्यांच्या परिश्रमाचे कौतुक करण्यातच आपण समाधान मानू.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या तालुक्यात मुख्यमंत्र्यांचे वाडे नाहीत. येथल्या मुलामुलींना घरून मिळणारा वारसा म्हणजे दोन-तीन भाषा आणि कष्टाची सवय. रितेश देशमुखांना दहा वर्षांनी जी गोष्ट उमगली, ती, म्हणजे घरची भाषा हे भांडवल आहे, आपल्याला आरंभापासून उपलब्ध आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पानांवर लिहिणारे हात ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनी ते भांडवल वापरावे. आणि पडद्यावरील भावावर प्रेम जरूर करावे; मत देताना, नोकरी देताना आणि माणूस पारखताना मात्र हिशेबाची वही वेगळी ठेवावी.